आले त्यांचे आभार

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला मी चार वर्षं ज्यांच्या माडीवर भाड्याने राहिले, ते गृहस्थ आभार मानायचे. आता आभार कोण मानत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण आपण मानतो ते उरकण्यापुरते. त्यांचं तसं नव्हतं. कुणी आयुष्यभर पेटी वाजवतं, कुणी बुद्धिबळ खेळतं, तसे ते कार्यक्रमांचं आभारप्रदर्शन करायचे. जयंती, लग्न, शाळेचं स्नेहसंमेलन, रक्तदान शिबिर, शोकसभा, काहीही असो, सगळ्यात शेवटी माइकपाशी एक किडकिडीत, उंच, पांढऱ्या शर्टातला माणूस उभा राहायचा, आणि लोक हळूच चपला शोधायला लागायचे. गावात त्यांचं खरं नाव फारसं कुणी घेत नसे. आमच्या वॉर्डात ते काकाजी, आणि वॉर्डाबाहेर 'आभारवाले काकाजी'. मीही काकाजीच म्हणते.

घर बघायला गेले त्याच दिवशी मला याची प्रचिती आली. भंडाऱ्याहून नोकरीला आलेली मी, हातात एक बॅग, बरोबर कुणी नाही. ऑटोतून उतरले तर काकाजी फाटकात उभे. मला 'या' म्हणायच्या आधी त्यांनी ऑटोवाल्याला विचारलं, "नाव काय जी तुमचं?" तो बिचकला. त्याला वाटलं, आता तक्रार होणार. त्याने चाचरत नाव सांगितलं. काकाजींनी घसा साफ केला. "या मॅडमले तुम्ही बस स्टँडवरून सुखरूप आणलं, हॉर्न कमी वाजवला, बॅग स्वतः खाली ठेवली. त्याबद्दल मी तुमचे मनापासून आभार मानतो." ऑटोवाल्याने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि गाडी फिरवून असा काही पळाला की मला हसू आवरेना.

मग माझी पाळी. "नाव?" मी सांगितलं. "काम?" मी म्हटलं, मुलींच्या शाळेत गणित शिकवते. त्यांनी खिशातून एक जुनी लग्नपत्रिका काढली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. घरभाड्याचं, पाण्याचं, लाइटचं काहीच बोलले नाहीत. ते सगळं काकू आतून ओरडून बोलल्या.

नाव आणि काम विचारायची ही खोड नोकरीतून आलेली. मलाजखंडला तांब्याच्या खाणीवर एका ठेकेदाराकडे ते तीस वर्षं हाजिरी बाबू होते. सकाळी फाटकापाशी टेबल टाकायचं, येईल त्या मजुराचं नाव आणि काम लिहायचं, न येणाऱ्यापुढे फुली मारायची. "आला त्याचं नाव, नाही आला त्याले फुली," ते सांगायचे. "यात माह्या मर्जीचा सवालच नाही. पाऊस असो, ताप असो, मानूस फाटकातून आत आला म्हनजे आला." निवृत्त होऊन ते बालाघाटला आले, मस्टर सुटलं, पण हात शिवशिवत राहिला. वॉर्डातल्या बुद्धविहारात कुणीतरी एकदा म्हटलं, काकाजी, आज आभार तुम्ही माना. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, आभार मानल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. लोक घरी गेले, मांडव सोडला, तरी तो चालूच. दुसरा नियम जास्त अवघड. ज्याने जे केलं तेवढ्याचेच आभार मानायचे, तोळाभर जास्त नाही. यातल्या दुसऱ्या नियमाने गावाची बरीच करमणूक केली. एकदा एका कार्यक्रमाला मोठे पाहुणे येणार म्हणून पत्रिकेत छापलं होतं आणि ते आले नाहीत. मंडळाने काकाजींना बजावलं, तरी त्यांचं नाव घ्या, त्यांचा पैसा लागलाय. काकाजी माइकवर म्हणाले, "माननीय पाहुणे आले नाहीत. म्हणून त्यांचे आभार मानता येत नाहीत. त्यांची खुर्ची ज्यानं पुसून ठेवली त्या फागूलालचे आभार." टाळ्या फागूलालला पडल्या. पाहुण्यांच्या माणसांनी पुढे कितीतरी दिवस काकाजींकडे पाहिलं नाही.

त्यांचा क्रमही उलटा असायचा. कार्यक्रमाच्या दोन तास आधी मैदानात जाऊन ते मांडवाचे खड्डे खणणाऱ्यापासून सगळ्यांची नावं पत्रिकेच्या पाठीवर उतरवून घ्यायचे, आणि आभार त्याच क्रमाने मानायचे. आधी खड्डेवाले, मग सतरंजीवाले, पाण्याचे कॅन आणणारे, जनरेटरवाला, साउंडवाला, आणि अगदी शेवटी अध्यक्ष. तोवर अध्यक्ष बहुधा जेवायला बसलेले असत. मी एकदा विचारलं, काकाजी, हे उलटं का? तर म्हणाले, "उलटं काहून? जो पहिले आला त्याचं नाव पहिले. अध्यक्ष तर सगळ्याच्या मागून येऊन राह्यले."

लग्नातही ते सोडायचे नाहीत. शेजारच्या मुलीच्या लग्नात त्यांनी लालबर्ऱ्याच्या एका कुटुंबाचे आभार मानले, कारण त्यांनी आधी या मुलीला पाहून नकार दिला होता आणि 'म्हनून आजचा योग आला'. ते कुटुंब तिसऱ्या रांगेत बसून बुंदी खात होतं. एका शोकसभेत त्यांनी वारलेल्या गृहस्थांचे आभार मानले, की ते रविवारी गेले, कुणालाच रजा टाकावी लागली नाही. मला वाटलं, आता मार खाणार. पण त्या गृहस्थांची म्हातारी बहीण पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती. ती नंतर म्हणाली, तो असाच होता, लोकांचा विचार करणारा.

घरात काकूंचा मात्र या आभारांवर राग. जेवण झालं की काकाजी ताटावरून उठताना आभार मानायचे. "भात मऊ होता, वांगं ताजं होतं, आभार." काकू लगेच पातेलं उघडून वरण चाखायच्या. "पाह्यलं का मॅडम? वरनाचं नाव नाही घेतलं. म्हनजे वरनात मीठ नाही. चाळीस वर्षं झाले, हा मानूस मले सरळ बोलून नाही राह्यला."

मी स्वतः काही फार शांत स्वभावाची नाही, हे इथेच सांगून टाकते. मुली मला 'मिर्ची मॅडम' म्हणायच्या आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. दुसरी माझी खोड म्हणजे प्रत्येक वस्तूवर नाव लिहिणं. स्टाफरूममध्ये डबे, छत्र्या, बाटल्या सारख्या बदलायच्या, म्हणून मी पक्क्या शाईच्या पेनाने सगळ्यांवर लिहून ठेवलं होतं: माझं पूर्ण नाव, खाली 'गणित'. काकाजींना हे फार आवडायचं. ते म्हणायचे, तुमची हाजिरी आपोआप लागते.

आता मंडईकडे येते, कारण काकाजींचं सगळं तिथेच बिघडलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. नाटक, दंडार म्हणजे नाचगाण्याचा गावरान खेळ, पाळणे, उसाचे ढीग. त्या वर्षी आमच्या भागातल्या मंडळाने ठरवलं की दंडार पुरे झाली, आता मुंबईचा स्टार आणायचा. मंडळाचा अध्यक्ष एक तरुण ठेकेदार होता, त्याला सगळे भैयाजी म्हणत. भैयाजीने ज्याला आणायचं ठरवलं तो गायक आमच्या कॉलेजच्या दिवसांत घराघरात वाजायचा. प्रेमभंग झालेल्या प्रत्येक मुलाने आणि न झालेल्याही बऱ्याच मुलींनी त्याची गाणी पाठ केली होती. मी त्यातली एक. पुढे त्याचं सगळं घसरत गेलं. दारू, कोर्टकचेऱ्या, बायको सोडून गेली, घशाचं ऑपरेशन, विमानतळावर तोल गेल्याचा व्हिडिओ. लोकांनी तो व्हिडिओ पुढे पाठवत त्याच्या गाण्यांपेक्षा जास्त पाहिला. त्याचं नाव लिहून त्यात आणखी भर घालत नाही.

स्टाफरूममध्ये मी त्याची बाजू घेऊन भांडले. घसा गेला असेल, माणूस तर तोच आहे ना, असं म्हणत मी सात जणींना पास घ्यायला लावले. आणि काकाजींना तर भैयाजीने स्वतः घरी येऊन सांगितलं, "काकाजी, स्टार नाइट का आभार आप ही करेंगे."

काकाजी त्या दिवसापासून जेवताना आभार मानायचे विसरले, इतके ते गुंग झाले. इतकी मोठी गर्दी त्यांना आयुष्यात मिळणार नव्हती. मलाजखंडचे इंजिनिअर कुटुंबांसकट येणार, लांजीहून मोटरसायकली येणार, लालबर्ऱ्याहून ट्रॅक्टर भरून लोक येणार. चार दिवस ते सकाळ-संध्याकाळ मैदानात जात होते आणि लग्नपत्रिका भरत होत्या. खड्डे खणणारे अकरा. खुर्च्या लावणारे नऊ. काकूंनी शर्टाला दोनदा नीळ दिली.

कार्यक्रम दुपारी चारला होता. गायक नागपूरहून मोटारीने साडेसहाला पोचला. पण चूक एकट्या त्याची नव्हती, हे आता मला दिसतं. आमच्याकडे पाहुणा आला की स्वागत झाल्याशिवाय त्याला काही करू देत नाहीत. त्याला लाल सोफ्यावर बसवलं आणि हार सुरू झाले. मंडळाचे सगळे सदस्य, त्यांचे भाऊ, मेहुणे, सासरे, पार्षद म्हणजे नगरसेवक, माजी पार्षद, पुढच्या वेळी पार्षद व्हायचं मनात असलेले. प्रत्येकाचा हार, प्रत्येकाची शाल, प्रत्येकाचा फोटो. तो उठायचा, मान वाकवायचा, बसायचा. सव्वा तास हे चाललं. खालून दिसत होतं की त्याचा हात थरथरतोय. मला वाटलं, भावना दाटून आल्या असतील.

मग तो माइकपाशी आला आणि म्हणाला, "हॅलो गोंदिया!"

बालाघाटच्या मैदानात उभं राहून शेजारच्या गोंदियाचं नाव घेणं म्हणजे काय, हे तिकडच्यांनाच कळेल. तरी लोकांनी गिळलं. पहिलं गाणं सुरू झालं. तो पाणी प्यायला वळला, तोंडात ग्लास, आणि गाणं चालूच. मागे रेकॉर्ड लावलेली होती. लोक हसले. दुसऱ्या गाण्यात तो मधलं कडवंच विसरला आणि माइक लोकांकडे धरला. लोकांनी दोन ओळी म्हटल्या, मग कुणीतरी ओरडलं, "हम ही गाएँ तो तू किसलिए आया?" तिसरं गाणं माझं होतं. म्हणजे मी ते माझं समजत होते. त्याने सुरुवात केली, आवाज फाटला, तो थांबला, आणि सरळ स्टेजच्या कडेला बसून बूट काढायला लागला.

माझ्या सात मैत्रिणी माझ्याकडे बघत होत्या. एक म्हणाली, "मॅडम, माणूस तर तोच आहे ना?" माझ्या डोक्यात सणक गेली. हातात पाण्याची बाटली होती. मी झाकण लावलं, कारण पर्समध्ये ठेवताना लावायची सवय, आणि फेकली.

गणिताच्या बाईचा नेम. बाटली त्याच्या डोक्यावरून जाऊन माइकच्या दांड्याला लागली आणि ठण्ण असा आवाज साऱ्या मैदानात घुमला. ती पहिली बाटली होती. तिच्यानंतर शंभर आल्या. मग पत्रावळी, ऊस, आणि शेवटी खुर्च्या. भैयाजी आणि मंडळ स्टेजच्या मागून पसार झाले. पोलीस होते चार, ते मलाजखंडच्या इंजिनिअरांच्या बायकांना वाट करून देण्यात गुंतले. गायकाला कुणीतरी ओढून पडद्यामागे नेलं. लोक पडद्याच्या दिशेने निघाले. ते लोक ओळखीचे होते. त्यात आमचा दूधवाला होता, आमच्या शाळेचा लिपिक होता, आणि त्यांचे चेहरे पाहून मला माझीच भीती वाटली.

तेवढ्यात माइकवर घसा साफ केल्याचा आवाज आला.

"तो अब मैं आभार प्रदर्शन के लिए खड़ा हूँ."

पांढरा शर्ट, हातात लग्नपत्रिकांची चळत. साउंडवाला तेवढा जागचा हलला नव्हता. पंधरा वर्षं काकाजी दर कार्यक्रमात त्याचं नाव घेत होते, तो कसा हलेल? त्याने माइक चालू ठेवला. काकाजींनी खड्डे खणणाऱ्यांपासून सुरुवात केली. अकरा नावं, एकेक करून. मग खुर्च्यांकडे आले. "ये कुर्सियाँ सवेरे नौ लोगों ने लगाईं. सुकलाल, उसका भाई, उसकी घरवाली. बाई को सातवाँ महीना लगा है, फिर भी दो-दो उठाकर लाई." मी पाहिलं, माझ्या पुढे एक माणूस खुर्ची डोक्यावर धरून उभा होता. त्याने ती खाली ठेवली. मग जरा नीट ठेवली. गर्दीत स्वतःची नावं ऐकणारेही होते. कुणी ओरडलं, "मेरा लिया क्या?" काकाजी म्हणाले, "आ रहा है, पानी के कॅन के बाद."

मी ते आभार किती वेळ चालले ते मोजलं नाही. लोक उभे राहिले, मग काही बसले. पडद्यामागून मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, पण तोवर कुणी त्या बाजूला वळलं नाही. शेवटी काकाजी गायकावर आले आणि मैदान पुन्हा पेटलं. शिव्या, शिट्ट्या. काकाजी थांबले. त्यांच्या दुसऱ्या नियमाची ती परीक्षा होती. खोटं ते बोलणार नव्हते. गाणं झालं नव्हतं.

"मैंने पीछे जाकर उनसे पूछा," काकाजी म्हणाले. "जैसे सबसे पूछता हूँ. नाम? उन्होंने बताया. काम? आज आपने क्या काम किया? तो हाथ का बूट नीचे रखा. फिर बोले, लिखिए, मैं आया." त्यांनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली. "डॉक्टर ने मना किया था, ये उनके ड्रायव्हर ने बताया. फिर भी आए. हम लोगों ने सवा घंटा हार पहनाए, वो उठते-बैठते रहे. गाना नहीं हुआ. गाने का आभार मैं नहीं मानूँगा. आने का मानता हूँ."

बोंबाबोंब झाली ती काय सांगू. त्या आवाजातच त्यांनी शेवटची ओळ वाचली. "और जिन्होंने पहली बोतल फेंकी, उन्होंने ढक्कन लगाकर फेंकी. स्टेज पर बिजली के तार खुले थे. उसका भी आभार. कार्यक्रम समाप्त हुआ."

लोक हसले. मी हसले नाही. घरी आल्यावर जिन्यातच मला आठवलं की त्या बाटलीवर माझं नाव आहे.

पुढचे पंधरा दिवस बालाघाटमध्ये दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर जो तो सांगत होता की मला आधीच माहीत होतं. ज्याने पास घेतला नव्हता तो सगळ्यात जास्त चिडलेला. गायकाचा बूट काढतानाचा व्हिडिओ देशभर फिरला. पण तो तर निघून गेला होता, आणि गावाला राग काढायला गावातलाच माणूस लागतो. काकाजींचा व्हिडिओ निघाला, 'बिका हुआ आभार' असं वर लिहून. कुणी म्हणालं, गायकाकडून पाकीट घेतलं. कुणी म्हणालं, म्हातारा सठिया गया. काकूंना भाजीबाजारात टोमणे ऐकावे लागले.

भैयाजीची आणखी मोठी अडचण होती. मंडळाचं हसं झालं होतं. म्हणून त्याने असं काढलं की कार्यक्रम छान चालला होता, पहिल्या बाटलीने बिघडवला. ती कुणी फेकली ते शोधायचं, पोलिसात द्यायचं. एका रविवारी सकाळी तो चार जणांना घेऊन काकाजींच्या अंगणात आला. मी माडीच्या खिडकीत, हातात पेपर तपासायचं पेन.

"आप स्टेज पर थे," भैयाजी म्हणाला. "आपने देखा होगा."

"देखा है," काकाजी म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना जमायचंच नाही.

"तो नाम बताइए."

"मैं काम करनेवालों का नाम लिखता हूँ. फेंकना कोई काम है क्या?"

"काकाजी, मज़ाक नहीं. नाम बताइए, नहीं तो आगे से आपको माइक नहीं मिलेगा. मंडई में नहीं, कहीं नहीं. मैं सबको बोल दूँगा."

काकाजींनी खिशातली पत्रिका चाचपली. एकदाही त्यांनी वर, माझ्या खिडकीकडे पाहिलं नाही. मी मनात म्हणत होते, उतर खाली, सांग. पण मला माझी नोकरी दिसत होती, मुलींसमोरचा फळा दिसत होता, भंडाऱ्याचे बाबा दिसत होते. मी पाय हलवला नाही. याची लाज मला अजून वाटते.

"चाय घेऊन जा जी," काकाजी म्हणाले. "तुम्ही घरी आले, त्याबद्दल आभार."

माइक गेला. भैयाजीचं गावात वजन होतं आणि त्याने खरंच सगळ्यांना सांगितलं. वर्षभर काकाजींना कुणी बोलावलं नाही. विहारातल्या जयंतीलासुद्धा एक तरुण उभा राहिला आणि "समय की कमी है, सबका धन्यवाद" म्हणून खाली बसला. काकाजी मात्र प्रत्येक ठिकाणी गेले. दोन तास आधी जायचे, नावं विचारून लिहायचे, शेवटच्या रांगेत बसायचे. मग घरी येऊन अंगणात पेरूच्या झाडाखाली उभे राहून सगळे आभार पहिल्यापासून म्हणायचे. काकू भांडी घासता घासता म्हणायच्या, "झालं का? त्या झाडाले पाठ होऊन राह्यलं." मी वर जिन्यात बसून ऐकायचे. दोनदा सांगायला खाली गेले. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, पेरू नेता का. दुसऱ्यांदा मीच विचारलं, पेरू नेऊ का.

चौथ्या वर्षी भंडाऱ्याला नोकरी मिळाली. सामानाचा टेम्पो आला. काकाजी पांढरा शर्ट घालून अंगणात उभे. ऐकायला काकू, टेम्पोवाला, दोन हमाल आणि मी. हमालांपासून सुरुवात झाली. कपाट जिन्यात न घासता उतरवल्याबद्दल. मग टेम्पोवाला. मग मी. चार वर्षांत नळ कधी टपकत ठेवला नाही. जिना धुतला. काकूंच्या गुडघ्याला रात्री-बेरात्री तेल लावून दिलं. पत्रिका संपली. ते आत गेले आणि हातात माझी बाटली घेऊन आले.

धुतलेली, पाण्याने भरलेली. एका बाजूला चेपलेली, माइकच्या दांड्याची खूण. वर माझं पूर्ण नाव, खाली 'गणित'.

"दूर जानं हाय," काकाजी म्हणाले. "वाटंत पानी लागन. झाकन घट्ट लावलं हाय."

"काकाजी, तुम्ही... वर्षभर..."

"ते तर त्याच दिवशी मैदान झाडून काढतानी सापडली मले. देल्ली असती तं तुम्ही खोली सोडून गेल्या असत्या." मग जरा ओशाळून म्हणाले, "भाडेकरू चांगले नाही भेटत इकडे."

काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. त्यांनाही ठाऊक होतं. आयुष्यभर आभार मानणाऱ्या माणसाचे आभार मानायची वेळ आली, आणि मी, वर्गात पन्नास मुलींना गप्प करणारी बाई, मुक्यासारखी टेम्पोत जाऊन बसले.

वैनगंगेच्या पुलाकडे वळायच्या आधी भैयाजीचं ऑफिस लागतं. मी टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं. आत पाच-सहा जण चहा पीत होते. मी बाटली भैयाजीच्या टेबलावर ठेवली.

"पहिली बाटली," मी म्हटलं. "नाव वाचा. पोलिसात द्यायचं तर द्या, मी टेम्पो थांबवलाय. पण काकाजींनी तुम्हाला नाव सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यांचा माइक गेला, माझं काहीच गेलं नाही. तो त्यांना परत द्या."

भैयाजीने नाव वाचलं. मग 'गणित' वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्याची पुतणी माझ्या वर्गात होती, आणि तीही मला मिर्ची मॅडमच म्हणायची. त्याने बाटली उचलून झाकण फिरवून पाहिलं. ते घट्ट होतं.

"मॅडम, आप जाइए," तो शेवटी म्हणाला. "टेम्पोवाले का टाइम हो रहा है." बाटली त्याने ठेवून घेतली.

दिवाळी झाली, मंडई झाली. त्या वर्षी स्टार नव्हता, पुन्हा दंडार होती. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. बराच वेळ त्या वैतागूनच बोलत होत्या. भैयाजीने माझ्या बाटलीची गोष्ट सांगून काकाजींना माइक दिला, लोक उठून गेले, मांडववाला दोर सोडत होता तरी हा माणूस थांबेना, घरी येऊन भात गार झाला.

"अन् तुमचं बी नाव घेतलं," त्या म्हणाल्या. "अध्यक्षाच्या बी आधी. आता तुम्ही तं इथं होत्या बी नाही. मी म्हटलं, इचं काय काम होतं जी? तं पत्रिका दाखवली मले. तुमच्या नावापुढं एकच लिवलं हाय."

"काय?"

"आल्या."